मीटिंगला दरवेळी तेच पाच जण का येतात? आणि तुमचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की प्राथमिकच्या वर्गात जे उपक्रम, कार्यक्रम चालतात त्यात घरच्यांना सामील करून घेताना तुम्हाला काय अडतं. पत्रं भरपूर आली, शिक्षकांची जास्त, पालकांचीही बरीच, आणि एक आजोबांचं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच देत नाहीये.

प्रश्न : नमस्कार ताई. मी दुसरीला शिकवते. वर्गात सतत काही ना काही चालू असतं, वाचन दिवस, मुलांच्या कामाचं प्रदर्शन, पालकसभा. पण दरवेळी तेच चार-पाच पालक येतात. बाकीच्यांना चिठ्ठी जाते, ग्रुपवर मेसेज जातो, तरी नाहीच. मुलं दाराकडे बघत बसतात ते बघवत नाही. स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात की या पालकांना मुलांची पडलेलीच नाही. खरंच तसं असतं का?

उत्तर : नाही हो, बहुतेक वेळा तसं नसतं, आणि हे वाक्य स्टाफरूममध्ये जितक्या वेळा बोललं जातं तितकं ते आपल्या चेहऱ्यावर दिसायला लागतं आणि पालकांना ते बरोब्बर कळतं. न येणाऱ्या घरांची कारणं एकदा शांतपणे काढून बघा. कुणाचा त्या दिवसाचा पगार कापला जातो, कुणाच्या घरी तान्हं बाळ असतं नाहीतर आजारी माणूस असतं, कुणाला चिठ्ठी वाचता येत नाही पण तसं सांगायची लाज वाटते. आणि एक कारण असं आहे जे कुणी तोंडाने बोलत नाही, ते म्हणजे शाळेचा अनुभवच वाईट असतो, स्वतः लहानपणी बोलणी खाल्लेली असतात आणि आता मुलाच्या शाळेतून बोलावणं आलं की तक्रार ऐकायलाच जायचं हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

कॅथलीन हूवर-डेम्प्सी आणि हॉवर्ड सँडलर या दोन अभ्यासकांनी १९९७ मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला होता, पालक सहभागी का होतात. त्यांच्या मांडणीत तीन गोष्टी आहेत : हे माझं काम आहे असं पालकाला वाटतं का, मला हे जमेल असं वाटतं का, आणि मला खरंच कुणी बोलावलंय असं वाटतं का. पहिल्या दोन गोष्टी बदलायला वेळ लागतो पण तिसरी उद्यापासून तुमच्या हातात आहे.

आता तुमची चिठ्ठी काढून बघा. 'सर्व पालकांनी वेळेवर उपस्थित राहावे ही विनंती' असं असेल ना? सर्व पालक म्हणजे कुणीच नाही. त्याऐवजी मुलीलाच तिच्या अक्षरात लिहू द्या, की 'बुधवारी शाळा भरताना दहा मिनिटं माझ्या वर्गात थांब, मी लिहिलेली पावसाची गोष्ट तुला वाचून दाखवणार आहे'. खाली तुम्ही एक ओळ लिहा, की हिने ही गोष्ट तीनदा सुधारून लिहिलीय आणि शेवट मस्त झालाय. शुद्धलेखन चुकलं तरी जाऊ द्या तसंच. अशी चिठ्ठी घरात कुणीतरी वाचतं, दुसऱ्याला वाचून दाखवतं, आणि मग कोण जाणार यावर निदान बोलणं तरी होतं.

यात तीन गोष्टी आपोआप साधतात बघा. वेळ छोटा आहे आणि मुलांना सोडायला येण्याच्याच वेळेला लागून आहे, म्हणजे वेगळी रजा नको. यायचं कशासाठी ते नेमकं ठाऊक आहे. आणि भाषण ऐकायचं नाहीये, आपल्याच मुलीचं ऐकायचंय. पालकसभेलाही हेच करता येतं, पोरांनी स्वतःची वही आई-बाबांना दाखवायची, हे मला आता येतं, हे अजून अडतं, असं स्वतः सांगायचं, शिक्षकाने बाजूला बसून मधेमधे मदत करायची. दुसरी-तिसरीची मुलं हे फार छान करतात, आधी वर्गात एकदा सराव घेतला तर.

कार्यक्रम ठरवायच्या आधी एकदा विचारूनही घ्या की तुम्हाला कुठला वार, कुठली वेळ जमेल. जे लिहून कळवत नाहीत त्यांना गेटवर तोंडी विचारा. वर्षातून एक-दोन कार्यक्रम तरी संध्याकाळी नाहीतर सुट्टीच्या दिवशी ठेवा आणि लहान भावंडांना घेऊन आलं तरी चालेल हे स्पष्ट सांगा, यावरच किती आया अडून बसलेल्या असतात.

आणि ज्याचं कुणीच येणार नाही त्या मुलाचं काय, हे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच ठरलेलं पाहिजे. शाळेतल्या मावशी, वरच्या वर्गातली ताई, मुख्याध्यापक, कुणीतरी त्याचा ठरलेला श्रोता असू दे, आणि ते त्याला आधी सांगून ठेवा. 'कुणाकुणाचे आईबाबा आले नाहीत?' असं वर्गात मोठ्याने विचारणं तर अजिबात नको.

अजून एक, मग पुढचा प्रश्न. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या जॉयस एपस्टाइन यांनी १९९५ च्या लेखात सहभागाचे सहा प्रकार मांडलेत : मुलाला वाढवताना लागणारा आधार, शाळा-घर संवाद, शाळेत मदत, घरी शिकणं, निर्णयात वाटा, आणि आजूबाजूच्या समाजाशी जोडून घेणं. आपण हजेरी मोजतो ती जेमतेम एका-दोनाची. ब्रिटनमध्ये २००३ साली चार्ल्स डेफोर्ज आणि अल्बर्टो अबूशार यांनी सरकारसाठी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला तेव्हाही हेच आलं, की शाळेत पालक किती वेळा येतात यापेक्षा घरी मुलाशी काय बोलणं होतं, त्याच्याकडून काय आशा ठेवली जाते, याचा शिकण्यावर कितीतरी जास्त परिणाम होतो. म्हणजे जी आई एकदाही आली नाही पण रोज रात्री लेकीला 'आज काय नवीन केलंस?' विचारते, ती सहभागी आहेच, फक्त तुमच्या रजिस्टरमध्ये ती दिसत नाही एवढंच.

प्रश्न : माझा मुलगा तिसरीत आहे. मी गवंडीकाम करतो, शिक्षण चौथीपर्यंत. मॅडमनी सांगितलंय एक दिवस वर्गात येऊन तुमच्या कामाबद्दल मुलांशी बोला. बाकी पालक इंजिनियर, बँकेतले असे आहेत. मी काय बोलणार? मुलगा मात्र मागे लागलाय, बाबा याच म्हणून.

उत्तर : दादा, जा. नक्की जा. आणि बोलायचं टेन्शन घेऊच नका, तुम्ही करून दाखवायचंय.

लेव्हल काढायची पारदर्शक नळी असेल ना तुमच्याकडे, तीच घेऊन जा. आधी पाणी भरून घ्या, मधे बुडबुडा राहिला नाही ना ते नेहमीसारखं तपासा. नळीचं एक टोक फळ्यापाशी एका मुलाच्या हातात द्या, दुसरं खिडकीपाशी दुसऱ्याच्या हातात. आता वर्गाला विचारा, याने टोक वर केलं तर पाणी कुठे जाईल? सगळे ओरडून काहीतरी सांगतील, सांगू दे. मग टोक वर करायला लावा (तोंडावरचा अंगठा काढायला सांगा, नाहीतर पाणी जागचं हलणार नाही). दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला येऊन थांबलं की दोघांना खडूने भिंतीवर खूण करायला सांगा. नंतर टेपने जमिनीपासून दोन्ही खुणांची उंची मोजायची. बऱ्याचदा आकडे वेगळे येतात. आता मुलांना विचारा, पाणी खोटं बोलतंय की टेप? तिसरीतलं एखादं पोर नक्की सांगेल की फरशीच तिरकी आहे. विज्ञान, मोजमाप, तर्क, तिन्ही एका तासात झालं, आणि हे त्या वर्गात तुमच्याइतकं सराईतपणे दुसरं कुणी दाखवू शकणार नाही.

वेळ उरला तर ओळंबा सोडून दाखवा, भिंत सरळ आहे का ते मुलांनाच बघू दे. पुढच्या वेळी बोलावलं तर गुण्या न वापरता ३, ४ आणि ५ फुटांनी काटकोन कसा धरता ते. मोठ्या वर्गात हेच पायथागोरसच्या नावाने शिकवतात.

मॅडमसाठीही दोन शब्द, कारण हे पत्र त्याही वाचत असतील. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसान इथे लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये एक काम प्रसिद्ध केलं, तिथे शिक्षक कष्टकरी मेक्सिकन कुटुंबांच्या घरी गेले, शिकवायला नाही, समजून घ्यायला. शेती, बांधकाम, दुरुस्ती, औषधी वनस्पती, व्यापार, घराघरात केवढं ज्ञान आहे ते त्यांनी पाहिलं आणि त्यावर वर्गातले धडे उभे केले. आपल्याकडे पालकांना वर्गात बोलावतात पण बऱ्याचदा डॉक्टर नाहीतर पोलीस एवढ्यावरच थांबतं. वर्षाच्या सुरुवातीला एक साधा प्रश्न सगळ्यांना विचारा, तुमच्या हाताला काय येतं? शिवण, सायकल दुरुस्ती, गाडी चालवणं, रोपं लावणं, बाळाला झोपवणं, काहीही. मग अभ्यासक्रम समोर ठेवा आणि कुठला पालक कुठल्या धड्याला जुळतो ते बघा. पाहुणा आला, टाळ्या झाल्या, फोटो काढला असं होऊ नये, त्याचं काम त्या आठवड्याच्या धड्यातच बसायला हवं. आणि पालक येऊन गेल्यावर मुलांनी त्यांना काय शिकलो ते लिहून पाठवलं तर दादा ती चिठ्ठी जपून ठेवतील.

प्रश्न : मुलगी पहिलीत. शाळेतून प्रोजेक्ट येतात, 'पालकांच्या मदतीने' असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात रात्री अकरापर्यंत मीच पुठ्ठे कापत असते आणि ती झोपून गेलेली असते. बाकीच्यांचे इतके भारी असतात की साधं पाठवायची हिंमत होत नाही. हाच का पालक सहभाग?

उत्तर : नाही, याला मी सहभाग म्हणणार नाही. तुमचा राग बरोबर आहे. उद्यापासून मुलीने केलेलं, वाकडंतिकडं असेल तसं पाठवा, आणि मागे लिहा 'हे तिने स्वतः केलंय, मी फक्त कात्री धरायला मदत केली'. शिक्षकाला ते हवंच असतं, आणि एकीने सुरुवात केली की इतर आयांनाही सुटल्यासारखं होतं, बघाच.

पण खरा बदल प्रोजेक्ट देणाऱ्याने करायचाय. सँड्रा वाइल्डर यांनी २०१४ मध्ये आधीच्या नऊ मोठ्या विश्लेषणांचा एकत्र अभ्यास केला, त्यात गृहपाठाला मदत करणं आणि मुलांची प्रगती यांचा चांगला संबंध काही दिसला नाही, सगळ्यात घट्ट संबंध दिसला तो पालकांच्या मुलांकडून असलेल्या अपेक्षांशी. (अपेक्षा म्हणजे मार्कांचा दबाव नाही, तुला जमेल हा विश्वास.) तेव्हा घरी असं काम द्यावं ज्यात करणारं मूलच असेल आणि घरचे त्याचे साथीदार असतील. उदाहरणार्थ, घरातल्या तीन माणसांच्या वितीने एकच टेबल मोज आणि लिही, आकडा वेगळा का आला? याला विकतचं काही लागत नाही, वाचता येत नसलेल्या आजीची वीतही तितकीच चालते, आणि पोरगी दुसऱ्या दिवशी वर्गात उड्या मारत सांगते की बाबांच्या सात विती आणि माझ्या तेरा. तिथून मग पट्टी कशाला लागते हा धडा आपोआप सुरू होतो. एपस्टाइन यांच्या गटाने या धाटणीचा गृहपाठ मुद्दाम तयार केलाय, त्यात मुलाने घरच्यांना विचारायचं, दाखवायचं, समजावून सांगायचं, आणि शेवटी घरच्यांनी शिक्षकाला कळवायचं की मजा आली का, मुलाला समजलं होतं का. घरच्यांनी शिकवायचं मात्र नाही. ही अट मला फार महत्त्वाची वाटते.

प्रश्न : माझी नात पहिलीत आहे. तिचे आईवडील नाहीत, मी आणि तिची आजी सांभाळतो. वर्गात 'आईसाठी कार्ड' करायचं असलं की ती त्या दिवशी पोट दुखतं म्हणते. शाळेला काय सांगावं?

उत्तर : आजोबा, आधी हे की तुम्ही तिच्या पोटदुखीचं कारण ओळखलंत, म्हणजे ती तुमच्याजवळ सुरक्षित आहे. बाईंना एकदा वर्ग सुटल्यावर भेटा आणि सरळ सांगा, पुढच्या महिन्याभरात असा काही उपक्रम आहे का तेही विचारून घ्या. लेकरासमोर मात्र नको. नातीलाही विचारा की तिला काय करायला आवडेल. काही मुलांना आईसाठीच कार्ड करायचं असतं, आई नसली तरी, आणि त्यांना ते करू द्यावं. काहींना ते आजीला द्यायचं असतं. मोठ्यांनी परस्पर ठरवून टाकू नये.

शिक्षकांनो, यासाठी मोठं काही लागत नाही. 'आईसाठी' ऐवजी 'घरातल्या एका माणसासाठी' म्हणा. वंशवृक्ष काढायला लावण्याऐवजी मध्यभागी मुलाचं चित्र आणि भोवती 'माझी माणसं' असं काढू द्या, त्यात शेजारची काकूही येईल आणि वसतिगृहातला भाऊही. तान्हेपणीचा फोटो आणा म्हणताना थांबा, प्रत्येक घरात तो नसतो. फॉर्मवर आई-वडील या दोन रकान्यांखाली 'मुलाची काळजी कोण घेतं' असा तिसरा रकाना घाला. एवढ्याने त्या मुलांचा अख्खा दिवस वाचतो.

आणि आजोबा, जमत असेल तर आठवड्यातून एकदा वर्गात गोष्ट वाचायला जाल का? दुपारच्या वेळी मोकळा असणारा माणूस शाळेला मिळत नाही, आणि नातीचं माणूस वर्गात येतंय हे सगळ्यांना दिसू दे.

प्रश्न : मी वर्गाची पालक प्रतिनिधी आहे. नाव मोठं पण काम काय तर पैसे गोळा करणं, खुर्च्या मांडणं आणि संमेलनात टाळ्या वाजवणं. काय कार्यक्रम करायचा ते शाळेने आधीच ठरवलेलं असतं.

उत्तर : वाटतं ते बोललात, बरं केलंत. इटलीत रेज्जो एमिलियाजवळच्या एका खेड्यात १९४५ साली युद्ध संपल्या संपल्या लोकांनी जर्मन सैन्य मागे टाकून गेलेला रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकले आणि त्या पैशातून मुलांसाठी शाळा बांधायला घेतली, स्वतःच्या हातांनी. ते ऐकून लॉरिस मालागुझ्झी नावाचा तरुण शिक्षक सायकलवरून तिथे पोचला, आणि पुढे त्यातूनच लहान मुलांच्या शाळांची जगभर नावाजलेली पद्धत उभी राहिली, जिच्यात शाळा कशी चालावी यात पालकांचा आवाज आजही धरलेला आहे. तिथे विटा वाहणाऱ्यांनाच निर्णयही घेता आला. तुमच्या वाट्याला नुसत्या विटाच येताहेत, ही खरी अडचण आहे.

शाळेशी भांडू नका, एकच निर्णय मागून घ्या, आणि छोटा मागा. उदाहरणार्थ, या सत्रातल्या एका कार्यक्रमाचा विषय, वेळ आणि खर्चाची मर्यादा पालकांनी मुलांना विचारून ठरवायची. मुलांना विचारणं गाळू नका, संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या (१९८९) कलम १२ मध्ये तेच म्हटलंय की मुलावर परिणाम करणाऱ्या गोष्टीत त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे. खर्चाची मर्यादा म्हणजे भाड्याचे पोशाख नकोत, घरात आहे त्यातूनच करायचं, असं काहीतरी जे सगळ्या घरांना पेलेल. वर्गणी ठेवायचीच असेल तर कुणी किती दिले याची यादी कुठेही लावू नका, ग्रुपवर तर नकोच.

प्रश्न : ग्रुपवर दिवसाला शंभर मेसेज येतात, त्यात शाळेची सूचना हरवते. आणि कार्यक्रमाचे फोटो कुणीही टाकतं, माझ्या मुलाचा फोटो मला नको असतो.

उत्तर : दोन ग्रुप करा. एक फक्त सूचनांचा, ज्यात शिक्षकच लिहू शकतील, ही सेटिंग व्हॉट्सअॅपमध्ये आहेच. दुसरा गप्पांचा, त्यात ज्याला राहायचं तो राहील. ज्यांना वाचायला अडचण आहे त्यांच्यासाठी तीच सूचना व्हॉइस मेसेजने पण टाका, मिनिटभराचं काम आहे आणि फार उपयोगी पडतं. फोटोचं म्हणाल तर तुम्ही नाही म्हणू शकता, कारण द्यायची गरज नाही. शाळेने वर्षाच्या सुरुवातीला लेखी संमती घ्यावी आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी सांगावं की आपल्याच मुलाचा फोटो काढा, दुसऱ्यांची मुलं असलेला फोटो कुठेही टाकू नका.

प्रश्न : आमच्या वर्गात दोन आया वाचनाच्या तासाला मदतीला येतात. छानच आहे, पण त्यातली एक बाहेर जाऊन सांगते की अमक्याच्या मुलाला अजून अक्षरं येत नाहीत. मदत बंद करावी का? (एक शिक्षक)

उत्तर : बंद नका करू सर, पण आजच बोला, त्यांना एकटं बाजूला घेऊन. वर्गात जे दिसतं, ऐकू येतं ते वर्गातच राहतं, हा पहिला नियम. ज्या मुलाबद्दल बोललं गेलं त्याच्या घरी तुम्ही स्वतः जाऊन नाहीतर फोन करून बोला, त्यांना हे बाहेरून कळलं तर ते पुन्हा शाळेची पायरी चढणार नाहीत.

पुढच्या वेळी मदतनीस घेताना पहिल्या दिवशीच अर्धा तास बसून सगळं सांगा : काय करायचं (मुलाचं वाचन ऐकायचं, अडलं तर थोडं थांबायचं, मग शब्द सांगायचा), काय नाही करायचं (तपासणं, गुण देणं, रागावणं), मुलाबरोबर बंद खोलीत एकटं बसायचं नाही, आणि शक्यतो स्वतःच्या मुलाच्या गटात बसायचं नाही. लिहून सही घेतली तर उत्तम. हे सगळं ऐकून त्या बाईंना वाईट वाटलं तर त्यांना वाचनाऐवजी दुसरं काम द्या, पुस्तकांना कव्हर घालायचं, वर्गातलं वाचनालय लावायचं, आणि महिन्याभराने परत विचारा.